कठड्याला हात न लावता

५ मार्च

मामा,

माझं आयुष्य मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून साहेबांशी भांडत होतो. अकराला बोलावलेल्या लंगड्या माणसाला दहा मिनिटं उभं का ठेवलंय, खुर्च्या काय नुसत्या मोजायला आणल्यात का, असं माझं चाललेलं. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून कुणीतरी तेच विचारलं. माझ्यापेक्षा हळू आवाजात, माझ्यापेक्षा धारदार. साहेब ताडकन उठले आणि स्वतःची खुर्ची घेऊन बाहेर गेले. मी वळून पाहिलं. संपलं.

हसू नकोस. तुला वाटेल, कॉलेज सोडताना पण हा असाच तावातावाने बोलत होता. तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस, ते विसरलो नाहीये मी. पण आता निदान माझं काम तरी ऐकून घे, कारण तिचं आणि माझं काम एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

आजारपणाच्या, अपंगत्वाच्या भत्त्यावर असलेली माणसं आमच्या केंद्रात येतात. ती त्यांची तपासनीस. कोण काय करू शकतो ते ती पाहून लिहिते. ज्यांना काम जमेल असं ठरतं त्यांच्याबरोबर पहिले पंधरा दिवस मी कामावर जातो. माझ्या हुद्द्याचं नावच 'सोबती'. लॉन्ड्रीतली एक बाई आहे, गुडघा वाकत नाही. नऊ वर्षं घरी बसून होती. मी आठ दिवस तिच्या शेजारी उभा राहून चादरींच्या घड्या घातल्या. नवव्या दिवशी ती म्हणाली, "आता जा रे बाबा, तुझ्या घड्या मला परत घालाव्या लागतात." मामा, एवढा आनंद मला कुठल्या परीक्षेत झाला नव्हता.

त्या बाईसाठी उंच टेबल हवं म्हणून मालकाशी भांडली ती हीच. पिशवीत कायम शिंप्यासारखी टेप असते. टेबल मोजते, पायऱ्या मोजते, दाराची रुंदी मोजते. ऑफिसात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणतात. मी म्हणत नाही. मी अजून तिला काहीच म्हटलेलं नाही.

कान कसा आहे?

तुझा
भाचा

---

१२ मार्च

चि. तोफखाना यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने फोडलं, मामीने वाचलं, आणि "घ्या, गेला तुमचा भाचा कामातून" असं म्हणून मग माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर सुधारलंय. प्रेमाचा एवढा तरी उपयोग.

तू फोन करत नाहीस, पत्र लिहितोस, हे बरं करतोस. फोन कानाला लावला की अजून डोकं गरगरतं. कागद बिचारा गप्प असतो.

कान आहे तसाच. मागच्या महिन्यात शिट्टी चारदा वाजली. डाव्या कानात आधी लांबून, मग जवळ. शिट्टी सुरू झाली की मला दहा अंक मिळतात. एक, दोन, तीन. दहाच्या आत जमिनीवर बसलो, तळहात फरशीला टेकले, तर जिंकलो. नाहीतर जमीनच मला येऊन भेटते. मग अर्धा तास, कधी दोन तास घर फिरतं, आणि संध्याकाळी मी चहा पीत बसलेला दिसतो, नवऱ्यामुलासारखा टवटवीत. शेजारचा पोस्टमन परवा म्हणाला, "तुम्हाला काय धाड भरलीय?" खरं आहे त्याचं. मलाही आरशात काही दिसत नाही.

बावीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसलो. शेवटच्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा हुकाला साडेतीन टन लटकत होते आणि खाली सहा माणसं. दहा अंकांत मी ओझं खाली टेकवलं. नवव्याला टेकलं. त्यानंतर मी घराच्या माळ्यावरही चढलेलो नाही. हे तुला माहीत आहे. पुन्हा लिहिलं, कारण आज एक कागद आलाय. फेरतपासणी, २७ मार्च, तुझ्याच केंद्रात.

तपासायला तीच असेल का रे?

तुझा
मामा

ता. क. मामी विचारते, मुलगी उंचीला कशी आहे.

---

१६ मार्च

मामा!

तीच! मी यादी पाहून आलो. २७ तारीख, सकाळचा पहिला माणूस, नाव तुझं आणि पुढे सही तिची. मला रात्रभर झोप आली नाही, आणि सकाळी जिन्यात दोन पायऱ्या चुकलो.

मी तिला सांगितलं, "पहिले येणार आहेत ते माझे मामा. आईबाप गेल्यावर त्यांनीच वाढवलंय मला." ती म्हणाली, "मग सोबती म्हणून तुम्हीच बसा खोलीत. त्यांनाही बरं वाटेल." बघ! नियमात बसत नसलं तरी. दुसऱ्या कुणी हे केलं असतं?

तू अजिबात घाबरू नकोस. ती माणसाला गुरासारखं तपासत नाही. तिची पद्धतच वेगळी आहे. आमची लिफ्ट वर्षभर बंद आहे, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तर ती खोलीत बसून राहत नाही, वरच्या वळणावर खिडकीशी उभी राहते. माणूस जिना कसा चढतो, कुठे थांबतो, कठड्याला हात लावतो का, हे तिला तिथून दिसतं. ती म्हणते, तपासणी खुर्चीत सुरू होत नाही, पहिल्या पायरीवर सुरू होते. हुशार आहे की नाही? लोकांना कळतही नाही.

एकच सांगतो, रागावू नकोस. आपल्या घरचं माणूस तिला पहिल्यांदाच दिसणार आहे. तो कोपरावर फाटलेला स्वेटर घालून येऊ नकोस. निळा शर्ट घाल, मामीला सांगून इस्त्री करून घे. आणि बोल जरा छान. तुला येतं छान बोलता.

मामीला सांग, माझ्या खांद्याला लागेल एवढी आहे. पण रागावली की उंच वाटते.

तुझा
तोफखाना

---

२ एप्रिल

चि. भाचेराव यांस,

मुलगी पसंत आहे.

लिहायला उशीर झाला, जरा पाहुण्यासारखा आळस केला घरात. ओळी तिरक्या आल्या असतील तर वहीला दोष दे, ती कलती धरली होती.

आता आमची बाजू ऐक. अडतीस पायऱ्या आहेत तुमच्या. मोजल्या. कठड्याला हात लावला नाही, एकदाही नाही. वरच्या खिडकीत ती उभी दिसली, तेव्हा मी मुद्दाम शीळ घातली. तुझी मामी म्हणते, वयाला शोभत नाही. म्हटलं, मुलाकडचा माणूस चढतोय, भत्तेवाला नाही.

पोरगी लाघवी आहे. बसा म्हणाली, पाणी घ्या म्हणाली. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी ओततो." ओतलं. एक थेंब सांडला नाही, पाहिलंस ना? तिचं पेन पडलं तेव्हा मीच वाकून उचललं. तुझ्या हातून पडलं असतं तर तू टेबलच उलटं केलं असतंस. क्रेनच्या गोष्टी सांगितल्या, तीस मीटरवरून गाव कसं दिसतं ते सांगितलं, ती हसली. तुझं लहानपणीचं, शाळेच्या गच्चीवरून छत्री घेऊन उडी मारायला निघालेलं प्रकरणही सांगितलं. तेव्हा तू लाल झालास आणि ती तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी टिपली आहे. दहा माणसांना बघून ती नजर येत नाही.

ती म्हणाली, "तुम्हाला बघून आजारी आहात असं वाटत नाही." मी म्हटलं, "घराण्यातच नाही आमच्या."

काम फत्ते. आता पुढचं तू बघ.

तुझा
मामा

---

९ एप्रिल

मामा,

तू कमाल आहेस. "तुमचे मामा फार छान आहेत," असं ती मला तीन वेळा म्हणाली. तीन! परवा आम्ही समोरच्या दुकानात चहा प्यायलो, म्हणजे मी प्यायलो, तिने नुसता कप धरून ठेवला, पण अर्धा तास होतो. तिचा भाऊ लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत. त्याला कुणी काम दिलं नाही, कारण कुणी नीट बघितलंच नाही तो काय करू शकतो. म्हणून ही बघते. "मी कुणाची कीव लिहीत नाही, पाहिलं तेवढं लिहिते," म्हणाली. मला वाटलं तिथेच उठून ओरडावं. ओरडलो नाही. सुधारतोय मी.

तुझ्या कागदावर सोबती म्हणून माझी सही हवी होती. तिने फाइल पुढे सरकवली, तिची ओढणी टेबलावर, तिचं बोट त्या रेघेवर. मी सही केली. खरं सांगायचं तर वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. तिनेच लिहिलंय म्हटल्यावर काय वाचायचं.

एक विचारू? खोलीत तू बोलत होतास तेव्हा तुझा डावा हात टेबलाखाली होता. मी बाजूला बसलो होतो म्हणून मला दिसला. खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होतीस की बोटं पांढरी पडली होती. आणि मानेवरून घाम. खोली तर थंड होती. मला वाटलं, मुलीसमोर गडबडलास. तेवढंच ना?

तुझा
तोफखाना

---

१८ एप्रिल

चि. भाच्यास आशीर्वाद.

तेवढंच. मुलींसमोर मी पहिल्यापासून गडबडतो, मामीला विचार.

निकाल आला. चार पानी आहे, सुरेख लिहिलंय. 'जिना आधाराविना चढतात. तोल उत्तम. हात स्थिर. उंचीची भीती नाही. सर्वसाधारण कामास योग्य, उंचीवरील कामास हरकत नाही.' खोटं एकही अक्षर नाही त्यात. पाहिलं तेच लिहिलंय पोरीने. खाली तुझी सही. आपल्या दोघांची नावं एका कागदावर तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकानंतर आत्ताच आली.

भत्ता या महिन्यापासून बंद. इथल्याच गोदामात काम दिलंय; इतक्या लांब सोबती पाठवत नाहीत म्हणे. आलेली खोकी मोजायची आणि फळ्यावर लिहायची. खालीच, जमिनीवर. बसायला स्टूल आहे म्हणतात. म्हणजे काही बिघडलं नाही. चार वर्षं घरात बसून मामीच्या डोळ्यांत खुपत होतोच.

आता नीट वाच. तू तुझा तोफखाना घेऊन कुणावर चालून जायचं नाही. विशेषतः तिच्यावर नाही. तिला जाऊन सांगशील की मामाने नाटक केलं, म्हणजे मग काय उरलं? ती म्हणेल, हे घरच नाटक्यांचं. नव्या ओळखीत असलं बोलायचं नसतं. माझं मी बघून घेतो. मला दहा अंक मिळतात, लोकांना तेवढेही मिळत नाहीत.

तुझा
मामा

---

२४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरतोय. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा ती आत होती.

तू म्हणालास म्हणून गप्प आहे. लिहून ठेव, तू म्हणालास म्हणून.

सगळं ठीक होईल. माझ्या हाताखालून चौतीस माणसं कामाला लागली आणि एकही परत आलेलं नाही. काम वाईट नसतं. कदाचित तुलाही बरंच वाटेल. जमिनीवरच आहे ना? स्टूल आहे ना? मग झालं. शिट्टी वाजली तर बसून घे, त्यात कसली लाज.

तिने मला तिच्या भावाला भेटायला बोलावलंय, रविवारी. काय घालू?

तुझा
भाचा

---

१० मे

चि. भाच्यास,

घाईत चार ओळी. काम बरं आहे. माणसं बरी आहेत. मुकादम तुझ्या वयाचा आहे आणि तुझ्यासारखाच तापट, त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. मला बढती मिळाली, आता वर असतो. उंचीची मला सवय आहेच.

तिच्या भावाकडे काय झालं ते सविस्तर लिही. इथलं विचारू नकोस, खोक्यांत सांगण्यासारखं काय असतं.

मामा

---

१९ मे

चि. बाळ,

हे पत्र तुझ्या मामाला न सांगता लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये तोंड घालतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून.

तुझं ते शर्टाला इस्त्री करायला सांगणारं पत्र आलं, त्या दिवसापासून ह्यांनी तालीम सुरू केली. रोज सकाळी शेजारच्या इमारतीचा जिना. मी खाली उभी. दोनदा पडले. एकदा कोपर सोललं, ते झाकायला लांब बाह्यांचाच शर्ट घातला. मी म्हटलं, अहो, तिथे तुमचं दुखणं बघायला बोलावलंय, तुमचं रूप नाही. तर म्हणाले, "पोराला आईबाप नाहीत. मुलीने आपल्याकडे बघून ठरवायचंय. मी धडधाकट दिसलो पाहिजे."

तुमच्या ऑफिसातून निघाले आणि खालच्या फाटकाशी बसले. रिक्षावाल्याने उचलून आत घातलं आणि बसस्टँडवर आणून सोडलं. घरी आल्यावर पाच दिवस फरशीवर पडून होते, पलंगावरही झोपवेना. डोळे मिटूनसुद्धा फिरतंय म्हणायचे. तिरक्या ओळींचं पत्र तुला आलं ना, ते त्यांनी पालथं पडून लिहिलं. वही सरळ होती. माझ्यासमोर लिहिलं. 'मुलगी पसंत आहे' लिहिताना हसत होते.

खाली मोजायचं काम पंधरा दिवस चाललं. मग मुकादमाने तुमचा कागद वाचला. उंचीवरील कामास हरकत नाही. म्हणाला, मग वर चढा, वरची दोन माणसं सोडून गेलीत. छताखाली लोखंडी जाळीची वाट आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं एवढी. खाली बघितलं की जाळीतून थेट तळ दिसतो. एका बाजूला मांडण्या आणि दुसऱ्या बाजूला नुसती साखळी. मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा बघितलं.

गेल्या आठवड्यात तीनदा शिट्टी वाजली. तिन्ही वेळा हे खोकं टाकून जाळीवर बसले. खालून माणसं हसली. मुकादमाला वाटतं, अंगचोरपणा. कागदावर तर काही आजार नाही. शनिवारी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा बसलेला दिसलात तर घरी जा, आणि केंद्राला कळवतो की काम टाळतात. मग भत्ताही नाही आणि कामही नाही.

काल जेवताना मी विचारलं, आता वाजली तर काय करणार? म्हणाले, "उभ्यानेच मोजेन दहा."

तुला काय करायचं ते तू ठरव. तू शिकलेला आहेस, अर्धा का होईना.

मामी

---

२१ मे

मामा,

हे पत्र मी बसमध्ये लिहितोय, आणि पोस्टात टाकणार नाही. तुझ्या हातात देणार आहे. अजून चार तासांचा रस्ता आहे. नुसतं बसवत नाही. अक्षर हललं तर बसचं समज. या वेळी खरंच बसचंच आहे.

मामीचं पत्र आज सकाळी मिळालं, ऑफिसात, सगळ्यांसमोर. वाचलं आणि तिथूनच घरी फोन लावला. मामी म्हणाली, सकाळच्या पाळीला गेलेत, निळा शर्ट घालून गेलेत, मुकादमावर छाप पडावी म्हणून. गोदामाचा नंबर मामीकडे नव्हता. फाइलीत असतो. फाइल तिच्याकडे.

आता खरं सांगतो. मी तुला लिहिलं होतं की गप्प आहे. तसं नव्हतं. तुझा निकाल लागला त्या आठवड्यात तिने मला स्वतःहून विचारलं होतं. फाइल मिटता मिटता थांबली आणि म्हणाली, "तुमचे मामा एकदाही उठून चालले नाहीत, खुर्ची सोडून. मला जरा विचित्र वाटलं. घरी कसे असतात?" मी तुझी पांढरी पडलेली बोटं पाहिली होती. माझ्या खिशात तुझं साडेतीन टनांचं पत्र होतं. आणि मी म्हणालो, "ठणठणीत असतात." का? कारण त्या वेळी ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ती नजर मोडायची नव्हती. तू नाटक केलंस ते माझ्यासाठी. मी केलं ते माझ्यासाठीच.

आज मी तिच्या खोलीत न विचारता घुसलो. ती एका टेबलाची उंची मोजत होती.

"मामांचा कागद चुकीचा आहे," मी म्हणालो.

"मी पाहिलं तेवढं लिहिलंय."

"त्यांनी दाखवलं तेवढं पाहिलंत."

"का दाखवतील?" ती म्हणाली. चिडली नव्हती, खरंच विचारत होती. "इथे लोक दुखणं वाढवून दाखवतात, ते मी ओळखते. तब्येत वाढवून कोण दाखवतं?"

त्याला उत्तर एकच होतं. म्हणालो, "तुम्ही मला आवडता, म्हणून. त्यांना वाटलं, ते मुलगी बघायला आलेत."

मामा, हे वाक्य कसं म्हणायचं याची मी दोन महिने तालीम केली होती. आरशासमोर, बसमध्ये, लॉन्ड्रीतल्या बाईसमोरसुद्धा. आणि म्हटलं ते असं, पोलिसात जबानी द्यावी तसं.

तिने टेप गुंडाळली. सावकाश, पुरती. मग तुझी फाइल काढली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. त्याच जागी, त्याच बोटाने. या वेळी मी वाचलं. 'मी खोलीत हजर होतो आणि वरील निरीक्षण खरे आहे.'

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"ठणठणीत म्हणालात."

"हो."

तिने एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. तुम्ही काय पाहिलंत, केव्हा पाहिलंत, आणि मला काय सांगितलंत. त्याशिवाय हा निकाल थांबवता येत नाही." मग म्हणाली, "लिहिलंत की तुमची नोकरी जाईल. तुमची सही असलेले सगळे कागद पुन्हा उघडतील. चौतीस. ती लॉन्ड्रीतली बाईसुद्धा. तिला पुन्हा जिना चढायला लावतील. माझंही काय होईल मला माहीत नाही."

मी पेन उचललं आणि थांबलो. मामा, मी थांबलो. लॉन्ड्रीतली बाई डोळ्यांसमोर आली, असं मी तुला सांगू शकतो, आणि ती आलीही. पण तिच्या आधी मला हे दिसलं की हा कागद लिहिल्यावर ती पुन्हा कधी माझ्याबरोबर चहाचा कप धरून बसणार नाही. किती वेळ थांबलो माहीत नाही. घड्याळ समोर होतं, मी पाहिलं नाही. दहा अंकांपेक्षा जास्त असेल. नक्कीच जास्त असेल.

मग लिहिलं. टेबलाखालचा हात, बोटं, घाम, अडतीस पायऱ्या, इस्त्रीचा शर्ट, सगळं. खाली सही केली. तिने माझ्या सहीखाली स्वतःची केली आणि वेळ घातली. एवढी मोजूनमापून वागणारी मुलगी, पण सही रेघेवर बसली नाही.

मग तिने फाइलीतून नंबर काढला आणि गोदामाला फोन लावला. बराच वेळ वाजला. कुणीतरी उचलला तेव्हा ती उभी राहिली.

"केंद्रातून बोलतेय. तुमच्याकडे वरच्या जाळीवर जे नवीन गृहस्थ आहेत, त्यांना आत्ता खाली उतरवा. आत्ता म्हणजे आत्ताच, मी धरून आहे..."

पलीकडून कुणी काहीतरी म्हणालं.

"काय झालं?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. "थांबा म्हणाला. वर काहीतरी गडबड झालीय, बघून येतो म्हणाला." रिसीव्हर तिकडे टेबलावर पडलेला असावा. मला एवढ्या लांबून नुसती घरघर ऐकू येत होती, आणि त्यात माणसांचे आवाज, एकमेकांवर चढलेले. शब्द एकही कळत नव्हता. ती डोळे मिटून ऐकत होती.

"तुझे मामा निळा शर्ट घालतात ना?" तिने विचारलं. मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. तिलाही कळलं नसावं.

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. मला एवढंच कळत होतं की इथे उभं राहून मला काहीही ऐकू येणार नाही, आणि पाच तासांच्या रस्त्याची पहिली बस वीस मिनिटांत सुटते. मी माझी बॅग उचलली. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेपशेजारी ठेवलं. बाहेर व्हरांड्यात दहा वाजता बोलावलेली माणसं येऊन बसली होती. साहेब कुणावर तरी ओरडत होते, एक कुबडी फरशीवर आपटून पडली होती. तो सगळा गोंगाट आत आला. तिने रिसीव्हर कानाशी आणखी दाबला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

मी बाहेर पडलो, आणि तिला पलीकडचं ऐकू यावं म्हणून दार ओढून घट्ट लावलं.